उंबराच्या पाण्यासाठी तीन वक्ते

“मान वर करा, भागूबाई. पदर तोंडावरून काढा आणि समोर बघून बोला.”

“समोर कोन न्हाई की, सर.”

खरंच कोणी नव्हतं. आमच्या हायस्कूलचा हॉल रिकामा होता. पहिल्या बाकावर मी गुणांचा तक्ता घेऊन बसलो होतो, माझ्या शेजारी खोततात्या. दारात शाळेचं कुत्रं झोपलं होतं.

“समोर मोठे साहेब बसलेत असं समजा,” मी म्हणालो. “नमस्कार करा आणि सुरू करा.”

भागूबाईंनी रिकाम्या बाकांना नमस्कार केला. मग पदराचं टोक पुन्हा दातांत धरलं, अर्धवट भिंतीकडे वळल्या आणि बोलायला लागल्या, “तर त्या साली आमची मोरी म्हस याली. रेडकू आडवं आलं हुतं. माझी सासू म्हनली...”

मी तक्त्यावर ‘सभाधीटपणा’च्या खाली एक लिहिला. दहापैकी एक. ‘मांडणी’च्या खाली दोन. ‘उच्चार’ आणि ‘हावभाव’ यांच्या खाली काय लिहावं ते सुचेना, म्हणून दोन्हीकडे तीन-तीन दिले. राहिला ‘आशय’. तो रकाना मी नेहमी शेवटी भरायचो.

ही गोष्ट सतरा-अठरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा हुंबवलीच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होतो. घाटमाथ्याखालचं चारशे उंबऱ्यांचं गाव. पण वडगावे सरांची, म्हणजे माझी, मुलं वक्तृत्व स्पर्धेत उतरली की बाकीच्या शाळांचे मास्तर नाराज होतात, असं जिल्ह्यात बोललं जायचं. सहा ढाली होत्या आमच्या कपाटात. मला स्वतःला तालुक्यातून परीक्षक म्हणून बोलावणी यायची. कुणी बोलायला उभं राहिलं, मग ते लग्नातलं आभारप्रदर्शन का असेना, की माझ्या डोक्यात आपोआप रकाने आखले जायचे.

त्या वर्षी एका कंपनीनं आमच्या थोरल्या सड्यावर बॉक्साइटची खाण मागितली. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं सपाट कातळाचं पठार. त्याच्या कडेला धनगरवाडा होता, सात घरांचा, आणि वाड्याजवळ एका उंबराच्या मुळाशी झरा. त्याला सगळे उंबराचं पाणी म्हणत. तेच पाणी ओढ्यानं खाली येऊन आमच्या गावाच्या टाकीत पडायचं. खाण झाली तर झरा जाईल, अशी भीती होती. कंपनी म्हणत होती, बारमाही झरा तिथे नाहीच.

परवानगीआधी जनसुनावणी होणार होती. शेजारच्या खोऱ्यातल्या सुनावणीत चार महिन्यांपूर्वी तीस जण एकदम माईकवर धावले होते, खुर्च्या उडाल्या होत्या आणि साहेब पंधरा मिनिटांत निघून गेले होते. तसं होऊ नये म्हणून आमच्या ग्रामसभेनं ठरवलं की गावातर्फे फक्त तिघं बोलतील, दहा-दहा मिनिटं, आणि बाकीचे शिस्तीत बसतील. ते तिघं कोण, हे वडगावे सरांनी ठरवायचं.

मला फार बरं वाटलं होतं.

रविवारी मी हॉलमध्ये चाचणी ठेवली. सात जण आले. चौघं पहिल्या दोन मिनिटांतच बाद झाले. उरले तिघं.

हिंदुराव चौगले हे पंचायत समितीचे माजी सदस्य. उंच, पांढरा फेटा, आवाज असा की शेवटच्या बाकालाही माईकची गरज पडू नये. ते बोलायला उभे राहिले की आधी काहीच बोलत नसत. सगळ्यांवरून एकदा नजर फिरवायची, उपरणं सावरायचं, मग अगदी हळू सुरुवात: “मंडळी, आज मी भाषण करायला आलो न्हाई.” तिथून आवाज पायरी-पायरीनं चढवत न्यायचा आणि टाळीच्या जागी बरोबर थांबायचं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी त्यांना पन्नासपैकी पंचेचाळीस दिले.

खोततात्या निवृत्त तलाठी. ते बोलत नसत, वाचत. चष्मा नाकावर, कागद छातीशी, आणि सातबाराचा उतारा वाचावा तसा एकसुरी आवाज. गट नंबर, क्षेत्र, फेरफार क्रमांक. मधेच ओळ हरवली की ‘हां’ म्हणून पुन्हा वरून सुरू. एकोणीस गुण. पण चराऊ जमिनीची कागदपत्रं त्यांच्याजवळ होती, म्हणून त्यांना वगळणं शक्य नव्हतं.

आणि या भागूबाई येडगे. धनगरवाड्यावरच्या. त्यांना तात्यांनीच आणलं होतं. बाकीचे बोलून घरी गेले तेव्हा त्यांची पाळी आली.

“तात्या, ह्यांना का उभं करताय?” भागूबाई दाराबाहेर पाणी प्यायला गेल्या तेव्हा मी विचारलं. “आठ मिनिटं म्हशीचं बाळंतपण ऐकवलं त्यांनी.”

“सर, ती उंबराच्या पान्याची बाई हाय. तिला जे ठावं हाय ते गावात कुनाला न्हाई.”

“माहीत असणं वेगळं आणि सांगता येणं वेगळं.”

तात्यांनी चष्मा काढून पुसला. “म्या तीस वर्सं सरकारी कागद लिवलाय. सुनावनीतली भाषनं वर जात न्हाईत. साहेब जे लिवून घेतील, ते जातंय. वरची समिती कागद वाचती फकस्त.”

“पण लिहून घेणारा माणूसच असतो ना?” मी म्हणालो. “माणूस हलला तरच त्याचं पेन हलतं.”

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं.

तरी तात्यांच्या शब्दाखातर मी भागूबाईंना तीन दिवस शिकवायचं कबूल केलं. सुनावणी गुरुवारी होती. म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार. दुपारी शाळा सुटली की त्या यायच्या. सड्यावरून खाली यायला दीड तास, वर चढायला दोन. सकाळची धार काढून निघायचं आणि संध्याकाळच्या धारेला परत पोहोचायचं. वय पन्नास-पंचावन्न असेल. एकदाही उशीर झाला नाही, हे मला आज आठवतं. त्या वेळी लक्षातही आलं नव्हतं.

सोमवारी त्यांनी एक गाठोडं आणलं. सोडलं तर आत लोकरीच्या दोऱ्यांचा गुंता. काळ्या, करड्या, काही इतक्या जुन्या की हात लावला तर तुटतील.

“हे काय?”

“पान्याच्या दोऱ्या,” त्या म्हणाल्या. “माझ्या सासूनं सुरू केल्यात्या. भूकंपाच्या सालापासनं. आखितीच्या दिशी उंबराखाली घागर लावायची आन् मोजायचं. एक, दोन, तीन करत एक ईस झालं की एक गाठ. घागर भरली की दोरी तोडायची.”

“कशासाठी?”

“तर म्हस खाली न्यायची का न्हाई ते कळतंय की. सात ईस, आठ ईस मोजून घागर भरली तर पाऊस येईस्तोवर पानी पुरतंय. दहा ईसाच्या वर गेलं की निम्मी जनावरं खाली धाडायची. ही बगा, ही दुष्काळाची. अकरा गाठी. त्या साली माझी थोरली लेक पोटात हुती, आन् माझा दीर...”

“भागूबाई,” मी म्हणालो, “तुम्हाला दहा मिनिटं आहेत. लेक, दीर, म्हैस काही नको. तुम्ही असं म्हणा: ‘मी सड्यावरची एक आदिम लेक बोलते आहे.’ म्हणा.”

“मी सड्यावरची...”

“एक आदिम लेक.”

“आदिम मंजे?”

मी समजावून सांगितलं. त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा ‘आदिम’वर अडल्या. चौथ्यांदा हसू आलं त्यांना, मग मला राग आला, मग त्या गप्प झाल्या.

“आणि या दोऱ्या त्या दिवशी आणू नका,” मी शेवटी म्हणालो. “साहेब लोक हसतील.”

मंगळवारी मी त्यांना पाच वाक्यं पाठ करायला दिली. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी म्हणायचं आणि त्यांनी मागून म्हणायचं. त्या मागून म्हणताना नीट म्हणायच्या. एकट्या उभ्या राहिल्या की पहिलं वाक्य जायचं, दुसऱ्याचं शेपूट तिसऱ्याला लागायचं आणि मग कुठून तरी ती म्हैस यायचीच. हात कुठे ठेवावेत ते कळेना. मी म्हटलं, उजवा हात वर न्या. त्यांनी शाळेतल्या पोरानं परवानगी मागावी तसा वर केला आणि तसाच ठेवला.

बुधवारी माझा धीर संपला. “तुम्हाला गावाचं वाटोळं करायचंय का?” मी ओरडलो. “उद्या सगळ्या जिल्ह्यासमोर उभं राहायचंय! एक वाक्य, भागूबाई. एक वाक्य तरी सरळ बोला!”

त्या उभ्या राहिल्या. घाम पुसला. “माझ्यानं न्हाई हुयाचं, सर,” एवढं मात्र सरळ बोलल्या.

तात्या खिडकीशी बसून सगळं बघत होते. ते जवळ आले. “सर, भाषन नगं. तुमी नुसतं इचारा तिला. पानी किती, कवापासनं, कसं मोजतासा. ती सांगती बराबर. काल माज्या पडवीत बसून च्या पिताना झाडून सगळं सांगितलं तिनं.”

“तात्या, ही सुनावणी आहे. तिथे कोण प्रश्न विचारत बसणार? तिथे उभं राहून बोलायचं असतं.”

मी भागूबाईंचं नाव खोडलं. त्यांची दहा मिनिटं हिंदुरावांना दिली. भागूबाईंना वाईट वाटलं असं दिसलं नाही, उलट सुटल्यासारख्याच दिसल्या. “पर ऐकायला येऊ का?” त्यांनी विचारलं. या की, मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी हिंदुरावांच्या ओसरीवर बसून त्यांचं भाषण नव्यानं लिहून काढलं. वीस मिनिटांचं. मधे पाण्यावर एक परिच्छेद होता. तो मी तीनदा लिहिला, तीनदा खोडला आणि चौथ्यांदा जमला तेव्हा मोठ्यानं वाचून दाखवला. हिंदुरावांनी मांडीवर थाप मारली. “सर, ह्या वाक्याला मांडव खाली येतोय बगा उद्या.”

शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. व्यासपीठावर अपर जिल्हाधिकारी, त्यांच्या शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे एक अधिकारी आणि एका टोकाला संगणक घेऊन बसलेला लिपिक. हजारभर माणूस. बायका डाव्या बाजूला. मी कडेला पायऱ्यांशी उभा होतो, तिघांपैकी कुणाला कधी वर पाठवायचं ते बघायला. तिघं कसले, दोघंच.

आधी कंपनीचा माणूस बोलला. तिशीचा असेल, चौकड्यांचा शर्ट, आवाज इतका खाली की मागून “ऐकू येत नाही” असा ओरडा झाला. पडद्यावर नकाशे आणि तक्ते दाखवत तो आकडे वाचत गेला. समोर एकदाही पाहिलं नाही. “प्रकल्प क्षेत्रात आणि लगतच्या परिसरात बारमाही प्रवाह आढळून आलेला नाही,” असं त्यानं वाचलं तेव्हा मांडवात जरा गलका झाला. तो थांबला, पाणी प्यायला आणि पुढचा आकडा वाचू लागला.

“दहापैकी दोन,” मी तात्यांच्या कानात म्हणालो. तात्या हसले नाहीत.

मग तात्यांनी त्यांचे गट नंबर वाचले. लोक कंटाळले, आपसात बोलायला लागले. लिपिकाची बोटं मात्र सारखी चालत होती.

आणि मग हिंदुराव उठले.

खरं सांगतो, तसं भाषण मी पुन्हा ऐकलं नाही. ते माईकपाशी गेले, उपरणं सावरलं आणि अर्धा मिनिट नुसते उभे राहिले. हजार माणसांचा मांडव, पण शाळेच्या पत्र्यावर बसलेल्या कावळ्याची नखं ऐकू आली. “साहेब, आज मी भाषण करायला आलो न्हाई.” तिथून त्यांनी मांडव हातात घेतला तो सोडलाच नाही. बायका डोळे पुसत होत्या. मागचे तरुण उभे राहिले होते. माझी वाक्यं, पण त्यांच्या तोंडून येताना ती मला माझी वाटत नव्हती, इतकी मोठी झाली होती. मी पायरीशी उभा राहून ओठांनी पुढची ओळ म्हणत होतो.

तेरा-चौदा मिनिटं झाली असतील. पाण्याचा परिच्छेद यायचा होता. एवढ्यात अपर जिल्हाधिकाऱ्यांनी हात वर केला.

“चौगलेसाहेब, एक मिनिट. तुमचा मुद्दा झऱ्याचा आहे. कंपनी म्हणते, बारमाही प्रवाह नाही. मला एवढंच सांगा, या झऱ्याच्या पाण्याची गावाकडे काही नोंद आहे का? कुणी कधी मोजलंय?”

हिंदुराव क्षणभर थांबले. मला वाटलं, अडले. मग त्यांच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं. त्यांना सापडलं होतं. आदल्या संध्याकाळचं वाक्य, आणि त्याला याहून चांगली जागा मिळालीच नसती.

“नोंद?” ते हळू म्हणाले. “साहेब, नोंद मागता?” मग आवाज चढला. “अहो, आईनं किती दूध पाजलं, त्याची नोंद कुठलं लेकरू ठेवतंय?”

मांडव खाली यायचाच राहिला. टाळ्या, शिट्ट्या, फेटे उडाले. हिंदुराव दोन्ही हात पसरून उभे. साहेबसुद्धा हसले, मान हलवली आणि लिपिकाकडे वाकून काहीतरी म्हणाले. हलला, मी मनात म्हटलं. माणूस हलला.

तेव्हाच मला डावीकडे भागूबाई दिसल्या. बायकांच्या गर्दीत त्या उभ्या होत्या. हातात ते गाठोडं. मी आणू नका म्हणून सांगितलेलं. साहेबांकडे बघत एक हात त्यांनी वर केला होता, मी शिकवला होता तसाच, परवानगी मागणाऱ्या पोरासारखा.

मी पायऱ्यांवरून त्यांच्याकडे पाहिलं आणि तळहात खाली दाबला. बसा.

सभा शिखरावर होती. अशा वेळी एक म्हैस मधे आली असती तर सगळं मातीत गेलं असतं. दहा वर्षं मी मुलांना हेच शिकवत आलो होतो, टाळी चालू असताना दुसरं काही मधे येऊ द्यायचं नाही. भागूबाई लगेच बसल्या. शेजारच्या बाईनं त्यांना काही विचारलं, त्यांनी मान हलवली.

भाषण संपल्यावर चहा झाला. आत शाळेच्या ऑफिसात लिपिक इतिवृत्त छापत होता. ते वाचून दाखवल्याशिवाय सुनावणी संपत नाही, असा नियम होता. ते पाऊण तास माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते. लोक हिंदुरावांना खांद्यावर घेत होते आणि हिंदुराव माझ्याकडे बोट दाखवत होते. सरपंचांनी मला मिठी मारली. कुणीतरी गुलाल आणला होता.

मग लिपिक माईकपाशी आला आणि वाचू लागला. खोततात्यांसारखाच आवाज. ओळीमागून ओळ, चढ नाही, उतार नाही. तात्यांचे सगळे गट नंबर त्यात होते, एकूण एक. कंपनीच्या माणसाचे आकडे होते. मग:

“श्री. हिंदुराव चौगले यांनी प्रकल्पास विरोध असल्याबाबत ग्रामस्थांच्या तीव्र भावना व्यक्त केल्या.”

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. वीस मिनिटांच्या भाषणाचं एवढंच कसं असेल?

“झऱ्याच्या प्रवाहाबाबत काही मोजमाप अथवा नोंद आहे काय, अशी विचारणा मा. अध्यक्षांनी केली असता, अशी कोणतीही नोंद ठेवण्यात आलेली नाही, असे श्री. चौगले यांनी सांगितले.”

लोकांना काही वाटलं नाही. कुणी ऐकतच नव्हतं. तात्यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी पायऱ्या चढून वर गेलो. “साहेब, हे चुकलंय. नोंद आहे.”

अपर जिल्हाधिकारी कागदांवर सही करायच्या तयारीत होते. “आहे? पण मी विचारलं तेव्हा हे नाही म्हणाले.”

“ते नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, आईच्या...”

तेच वाक्य त्या माईकशिवाय, त्या आवाजाशिवाय, साहेबांच्या टेबलाशी उभं राहून मला उच्चारता येईना.

“एकोणचाळीस वर्षांची नोंद आहे,” मी म्हणालो. “दर अक्षय तृतीयेची. सड्यावरच्या एका बाईंनी ठेवली आहे. दोऱ्यांना गाठी मारून.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते हसले नाहीत. “मग आणा ना त्यांना. मी अर्धा तास थांबतो. त्यांनी स्वतः सांगितलं की लगेच इतिवृत्तात घेऊ. हेच तर पाहिजे होतं मला.”

मी मांडवाच्या डाव्या बाजूला धावलो. बायका पांगल्या होत्या. एका पोरसवदा सुनेनं सांगितलं, “भागूआज्जी व्हय? ती मगाच गेली. भाषन झालं तवाच. धारंचा वकुत हुतोय म्हनली.”

सव्वा तास झाला होता. एव्हाना त्या खिंडीच्या वर गेल्या असणार. तरी मी ओढ्यापर्यंत पळत गेलो आणि वर तोंड करून दोन-तीन हाका मारल्या. परत आलो तेव्हा साहेब पाऊण तास थांबून नुकतेच गाडीत बसत होते. “लेखी पाठवा,” ते काचेतून म्हणाले. “जोडता आलं तर जोडू. पण इतिवृत्तात आता बदल नाही व्हायचा. सह्या झाल्या.”

हिंदुरावांना मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. पण लगेच चिडले. “म्हंजे? तुमीच लिवलेलं वाक्य हाय ते, सर. मला काय सपान पडलं हुतं बाईनं दोऱ्या बांधल्यात्या म्हनून? मला सांगितलासा का तुमी?”

नव्हतं सांगितलं. सांगण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी सड्यावर गेलो. भागूबाई अंगणात दोरखंड वळत होत्या. मला बघून त्यांनी कांबळं पसरलं, दुधाचा चहा केला. “हिंदुरावांचं झ्याक झालं न्हवं?” त्या म्हणाल्या. “माझ्या बाजूची पारू तर रडली.”

“छान झालं,” मी म्हणालो. “एक कागद पाठवायचा राहिलाय. पाण्याच्या दोऱ्या सांगता का?”

त्यांनी सांगितल्या. मी प्रश्न विचारत गेलो, त्या उत्तरं देत गेल्या. कुठल्या सालाची, किती गाठी, कुणी मोजलं. एकदाही अडल्या नाहीत. म्हैस आली, लेक आली, दीर आला, पण आता मला कळत होतं की त्या खुणा होत्या. साल आकड्यात सांगता येत नाही म्हणून त्या त्या सालाला हाताला धरून आणत होत्या. तासाभरात एकोणचाळीस ओळी झाल्या. एकाही सालात झरा आटलेला नव्हता.

काल काय झालं ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि चहा मागितला.

कागद रजिस्टर पोस्टानं पाठवला. पोहोच आली, उत्तर आलं नाही. वर्षानं परवानगीची प्रत तात्यांनी मिळवली. तीत पाण्याबद्दल दोन ओळी होत्या. बारमाही प्रवाह आढळला नाही, आणि स्थानिकांनीही अशी नोंद नसल्याचं मान्य केलं आहे. आमचा कागद कुठेच नव्हता. तात्या कोर्टात जाऊ म्हणाले, एका वकिलाला भेटलेही. त्यानं इतिवृत्त वाचलं आणि विचारलं, हे तुमच्याच माणसानं का सांगितलं?

खाण सुरू झाली. तिसऱ्या उन्हाळ्यात उंबराच्या मुळाशी नुसता ओला चिखल राहिला, चौथ्यात तोही नाही. गावाला टँकर सुरू झाला. धनगरवाड्याची सातही घरं उठून खाली आली, कुणी कुठे, कुणी कुठे. हिंदुराव पुढच्या निवडणुकीत पुन्हा निवडून आले. त्यांचं ते वाक्य लोक अजूनही सांगतात. सुनावणीला न आलेले लोकसुद्धा सांगतात.

मी बदली मागून घेतली. परीक्षक म्हणून जाणं मात्र लगेच सुटलं नाही. दोन वर्षं जात होतो. एकदा एक मुलगी पाठ केलेलं सुंदर बोलली आणि मी तिला मधेच थांबवून विचारलं, “यातलं तुला स्वतःला काय माहीत आहे?” ती रडायला लागली. संयोजकांनी मला पुन्हा बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं. त्या पोरीचा काय दोष?

सुनावणीनंतर सात वर्षांनी तालुक्याच्या बाजारात भागूबाई भेटल्या. त्यांनीच ओळखलं. लेकीकडे राहत होत्या, गावाबाहेरच्या वसाहतीत. म्हशी विकल्या होत्या. पाणी नळाला एक दिवसाआड येतं म्हणाल्या. मी त्यांना रसवंतीत बसवलं, उसाचा रस सांगितला. त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली, तात्या गेल्याचं ऐकून हळहळल्या. मग ग्लास खाली ठेवून म्हणाल्या,

“सर, एक इचारू?”

“विचारा की.”

“त्या दिशी मी उठले हुते, तुमी बसा म्हनलासा. बरंच केलासा. माझ्या तोंडनं गावाचं हसं झालं असतं. पर कवा कवा मनात येतंय... दोन शब्द बोलले असते तर चाललं असतं का?”

मी इकडेतिकडे पाहिलं. रसवंतीचं चाक फिरत होतं, घुंगरं वाजत होती. सात वर्षं चुकवलेलं उत्तर तिथे, त्या आवाजात, मला द्यावं लागलं. साहेबांनी काय विचारलं, हिंदुराव काय म्हणाले, लिपिकानं काय लिहिलं, मग साहेब किती वेळ थांबले. सगळं सांगितलं.

“मंजे साहेब पान्याच्या नोंदीचंच इचारत हुते?”

“हो.”

“आन् मी नुसतं ‘हाय’ म्हनले असते तर?”

“तर लिहून घेतलं असतं त्यांनी. मग पुढचं एकेक विचारलं असतं.”

“हात वर करायचा, आदिम लेक म्हनायचं, त्यातलं काय नगं हुतं?”

“काही नको होतं, भागूबाई.”

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मान वर करून, पदर खांद्यावर, थेट डोळ्यांत. मला नजर खाली घ्यावी लागली.

“आन् तुमी मला तीन दिस बोलायला शिकवलासा,” त्या म्हणाल्या.